कणसांवरून गेलेली तार

परवापासून आमच्या स्वयंपाकघरात आंबिलीचं मडकं बसलंय. वरचं फडकं जरा सारलं की ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास घरभर फिरतो आणि माझे हात आपोआप कपाटावरच्या पिशवीकडं जातात. त्या पिशवीत तांब्याची तार आहे, ठिबकच्या नळीचे तुकडे आहेत, नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं आहे आणि एक गोफण आहे. येळवस जवळ आली की घरातल्या बाकीच्या बायका भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलायला बसतात. मी तारेचे पीळ सोडवायला बसते. "हिचं येळवशीचं सामानच येगळं हाय," असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लोह्याजवळचं आमचं शेत त्या सांभाळतात, आणि वेळ उरला तर मलाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. नांदेड-लातूरकडं हिच्याइतका मोठा सण दुसरा नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. हिवाळ्यातल्या या एका अमावस्येला गावंच्या गावं उठून शेतात जातात. दुकानांना कुलपं, रस्ते ओस, आणि शेताशेतांतून कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपी उभ्या राहिलेल्या. कोपीत पूजा मांडायची, उभ्या पिकात आंबील शिंपडत फिरायचं आणि मग येईल त्याला, ओळखीचा असो नसो, ओढून जेवायला बसवायचं. ज्वारी पोटरीतून बाहेर पडलेली असते, करडईला काटे आलेले असतात, हरभरा घाटे धरत असतो. शाळूच्या पानांवरचं दव ऊन वर येईपर्यंत वाळत नाही. त्या हवेत पाऊल टाकलं की मला अजूनही धडधडायला होतं. त्याचं कारण भज्जी नाही.

मी हौशी रेडिओवाली. लोह्यात कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात हवेतून हाका मारते. परीक्षा देऊन परवाना घेतला की सरकार आपल्याला एक हाकेचं नाव देतं आणि आपल्या संचावरून जगातल्या कुठल्याही हौशी माणसाशी बोलायची मुभा देतं. मध्ये मोबाईलचा टॉवर नाही, कंपनी नाही. इकडं एक तार, तिकडं एक तार आणि मध्ये आभाळ. हा नाद मला लावला अप्पांनी, माझ्या वडिलांनी. त्यांची उभी नोकरी बिनतारी खात्यात गेली. कानावर हेडफोन आणि बोटाखाली मोर्सची की, टिक आणि टीऽक, यातच त्यांचं तारुण्य सरलं. निवृत्तीनंतर चाकूरच्या घराच्या गच्चीवर त्यांनी स्वतःची आडवी तार बांधली. मी लहान असताना ते मला जेवताना ताटाच्या कडेवर चमचा वाजवून वाढायला सांगायचे. भाजी हवी तर एक ठेका, भात हवा तर दुसरा. आई वैतागायची आणि आम्ही दोघं हसत सुटायचो.

मोर्समध्ये प्रत्येकाचा हात निराळा असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. खरं तर ते चालण्यासारखं आहे. अंधारात पावलांवरून माणूस कळतो तसा ठेक्यावरून कळतो. अप्पा शब्दाची शेवटची टीऽक जरा लांबवायचे, कीर्तनात टाळकरी शेवटचा ठोका रेंगाळवतो तशी. किती गर्दीतून आली तरी ती मला ऐकू यायची.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्दही डोक्यात तयार असतात, फक्त तोंडातून येत नाहीत. हे ऐकून आम्हाला बरं वाटायला हवं होतं. मला तर ते जास्तच भयंकर वाटलं. माणूस आतमध्ये पूर्ण जागा आणि बाहेरचं दार बंद. भेटायला येणारे मोठ्या आवाजात बोलायचे, जणू कान गेलेत. अप्पा भिंतीकडं तोंड करायचे. दादा, माझा थोरला भाऊ, फोन त्यांच्या कानाला लावून म्हणायचा, "बाईचा फोन हाय अप्पा, बोला की." मी इकडून बोलत राहायची आणि तिकडून फक्त श्वास यायचा. मग तो श्वासही हुंदक्यासारखा व्हायचा आणि दादा फोन काढून घ्यायचा.

दिवाळीला चाकूरला गेले तेव्हा मी त्यांचा संच गच्चीच्या खोलीतून खाली आणला, पलंगाशेजारी मांडला आणि की डाव्या हाताला ठेवली. ती त्यांनी हातानं दूर सारली. मी म्हटलं, "अप्पा, पाटीवर तरी लिहा." त्यांनी मान फिरवली. पाटीवर लिहून दाखवणं म्हणजे आजारी माणूस झालो हे कबूल करणं होतं, एवढं मला कळत होतं. पण हवेवर कुणीच तोंडानं बोलत नाही. तिथं सगळेच बोटांनी बोलतात. तिथं ते आजारी नसते. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मी रोज दुपारी जेवणानंतर हाक मारीन. माझी हाक तुम्हाला आली तरच उत्तर द्या. न्हाई आली तर की उचलून ठेवू." त्यांनी माझ्याकडं कितीतरी वेळ बघितलं आणि मान हलवली. होकाराची होती. मी तशीच बस पकडून लोह्याला आले. अहमदपूरच्या घाटात मला आनंदानं बसवत नव्हतं.

आता हाक मारायची तर तार हवी, आणि तार निवडणं हा हौशी माणसाचा लग्नाइतका गंभीर विषय असतो. वीस जण वीस सल्ले देतात. कुणी म्हणतं उंच लाव, कुणी म्हणतं लांब लाव, कुणी मधोमध खांब उभारून दोन्ही बाजूंना उतरत्या तारा सोडायला सांगतं. मी आधी घराच्या गच्चीवर एक लांब तार टांगून बघितली. संच चालू केला आणि कानात नुसती घरघर. शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर, दिव्यांच्या माळा, चार्जर, सगळ्या गल्लीचं पोट बिघडल्यासारखं वाजत होतं. त्या गोंधळात अप्पांची शेवटची टीऽक कुठून सापडायची? शेतात गेलं पाहिजे, आणि तेही शेतातली लाईट गेलेली असताना. आख्खा तालुका लाईट येण्याची वाट बघत असताना एकटी मी ती जाण्याची वाट बघत होते. फवारणीच्या पंपाची बॅटरी मी संचाला जोडली. त्या हंगामात आमच्या हरभऱ्यावर फवारणी उशिरा झाली. ते अक्कांनी अजून विसरलेलं नाही.

तार आणायला कंधारला गेले. पाण्याच्या मोटारींची वायंडिंग भरून देणाऱ्या सलीममामांच्या दुकानात तांब्याच्या तारेची रिळं असतात. "कितवा गेज पाहिजे? मोटर कितीची हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मोटर न्हाई मामा, अप्पांशी बोलायचंय." सलीममामा अप्पांना ओळखत होते. त्यांनी रीळ उलगडताना माझ्याकडं बघितलंच नाही. तारेला कुठं खरचटलेलं नाही ना, हे बोटांनी तपासत राहिले आणि म्हणाले, "अच्छी हाय, बिलकुल नयी. अप्पांना सलाम सांग माझा. बोलणं होईल तवा सांग."

आमच्या विहिरीजवळ निलगिरीचं एक झाड आहे, सरळसोट, आभाळाला टेकलेलं. ते बघितल्यावर माझी निवड झालीच. उभी तार! झाडाच्या शेंड्याजवळून खाली सोडलेली, आणि बुडाशी जमिनीवर चार दिशांना पसरलेल्या तारा. पण शेंड्यापर्यंत दोरी न्यायची कशी? अक्का तेव्हा शेतातल्या माळ्यावर उभ्या होत्या. माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेला मचाण, पाखरं राखायला. लवकर पेरलेल्या तुकड्यात कणसं भरत होती आणि पाखरांची झुंबड उडालेली. अक्का गोफण गरगर फिरवून खडा सोडायच्या आणि तो सूं करत पार बांधापलीकडं जायचा. मी खाली उभी राहून म्हटलं, "अक्का, मला शिकवा."

"काय करून राहिलीस ग तू? पाखरं राखतीस का आता?"

"झाडावर दोरी टाकायचीय."

"अगं बाई. शिकलेल्या बाईचं काम निघालं म्हणायचं," असं म्हणत त्या उतरल्या. पुढचे काही दिवस मी गोफणीच्या नादी लागले. एक खडा विहिरीत, एक शेजारच्या म्हशीच्या पाठीवर, एक माझ्याच खांद्यावर. शेवटी एकदाचा खडा बारीक दोरी घेऊन निलगिरीच्या शेंड्यावरून पलीकडं उतरला तेव्हा मी आणि अक्का दोघीही टाळ्या पिटत होतो. दोरीमागून तार चढली. उन्हात ती लाल सोन्यासारखी लखलखली आणि मग हिरव्या पानांत दिसेनाशी झाली.

काय सांगू त्या दुपारी! जपान आला. इंडोनेशिया आला. रशियातल्या कुठल्याशा बर्फाळ गावचा माणूस आला आणि त्यानं विचारलं तुमच्याकडं थंडी किती. मी ज्वारीच्या धांड्यांत पोतं टाकून बसले होते, पायाला मुंग्या चढत होत्या, आणि माझी हाक समुद्र ओलांडून जात होती. मी अक्कांना ओरडून सांगायची, "अक्का, जपान!" आणि त्या माळ्यावरून विचारायच्या, "अप्पा आले का?"

अप्पा येत नव्हते. मी रोज जेवणानंतर हाक मारायची, आधी अप्पांचं हाकेचं नाव, मग माझं, पुन्हा पुन्हा, आणि मग थांबून ऐकायची. संध्याकाळी दादाचा फोन यायचा. "अप्पा बसतात ग कानाला लावून. पण काहीच येऊन न्हाई राहिलं. नुसती खरखर." मी म्हणायची, उद्या येईल. येळवशीच्या आदल्या दिवशी मात्र दादाचा आवाज बदललेला होता. "बाई, आज अप्पांनी हेडफोन लवकर काढला. जेवले बी न्हाईत. ऐकून काही येत न्हाई, मग दिवसभर भिंतीकडं बघत ऱ्हातात. आता तुझा हा खेळ उचलून ठेवावा वाटतो मला. उद्याचा दिवस बघू, मग मी संच वर नेऊन टाकतो." त्याचं चुकत नव्हतं. रोज दुपारी बापाला आशा लावायची आणि रोज ती मोडताना आपण बघायची, हे त्याच्या वाट्याला आलं होतं. मी रशियाशी गप्पा मारत होते आणि डोंगरापलीकडच्या चाकूरला माझा आवाज जात नव्हता.

येळवशीला पहाटेच बैलगाडीतून आमचं घर शेतात गेलं. कोप उभी झाली, आंबिलीचं मडकं आणि भज्जीचं पातेलं कोपीपुढं मांडलं, "ओलगे ओलगे" असा येळवशीचा घोष करत पोरं पिकात आंबील शिंपडून आली. अप्पांची ही पहिलीच येळवस शेताविना होती. दरवर्षी मी माहेरच्या शेतातून दादाकरवी त्यांची भज्जी मागवायची आणि ते माझ्या सासरची मागवायचे, आणि कुणाची चांगली यावर आम्ही आठवडाभर भांडायचो. त्या दिवशी भांडायला कुणी नव्हतं. त्यात रात्रीच्या वाऱ्यानं निलगिरीवरची दोरी तुटून तार खाली आलेली. दुपार व्हायच्या आत ती चढवायला हवी होती. मी गोफण घेतली, घाईघाईत फिरवली आणि सोडली. खडा झाडाकडं गेलाच नाही. सरळ डोक्यावर आभाळात गेला, दिसेनासा झाला, आणि येऊन पडला तो नेमका भज्जीच्या पातेल्याशेजारी, थाप करत.

पंगतीतले पाहुणे उठून उभे राहिले. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "डोकं फोडतीस का सणाच्या दिवशी? सरळ वर मारलं तर हितंच पडणार न्हाई का? लांब जायचं तर आडवं सोडावं लागतंय. लई येळा सांगितलं तुला."

मी गोफण हातात धरून तशीच उभी राहिले. हितंच पडणार. जवळ पडणार. मला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम. उभी तार माझी हाक जमिनीला धरून लांब सोडत होती, म्हणून ती लांबवरच्या आभाळाला लागून, चाकूर ओलांडून जपानला उतरत होती. मला ती लांब जायला नकोच होती. ती सरळ वर जायला हवी होती, आभाळाला लागून जवळपासच्या चार तालुक्यांवर उतरणारी. आणि त्यासाठी तार हवी आडवी, आणि हवी खाली. पुस्तकात हे होतं. अप्पांनी तर लहानपणीच सांगितलं होतं, "बाई, आधी कुणाशी बोलायचं ते ठरव, मग तार टांग." निलगिरी बघून मी ते विसरले होते. उंच झाड दिसलं की त्यावर चढावंसं वाटतंच.

"अक्का, तुमचा माळा द्या," मी म्हटलं.

"घे. पण पाखरं तू राखायचीस."

मग जी धावपळ झाली ती आठवून मला आजही घाम फुटतो. तारेचे दोन सारखे तुकडे केले, मधोमध नळीच्या तुकड्यावर बांधले, तिथून केबल खाली संचाकडं आणली. एक टोक माळ्याच्या मेढीला, दुसरं टोक बांधावरच्या बोरीला. पंगतीतून उठून आलेले पाहुणे दोरी ओढत होते आणि कशासाठी ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. तार ज्वारीवरून गेली, कणसांच्या हातभर वर, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या दोरीसारखी. जमीन इतकी जवळ असली की तार जरा लांब पडते, म्हणून दोन्ही टोकं दुमडून घेतली, मीटरचा काटा बघितला, पुन्हा दुमडली. काटा खाली बसला, म्हणजे तार जुळली. येळवस होती, सगळी गावं शेतात, गल्लीगल्लीतले दिवे-चार्जर बंद. हेडफोन लावला तर हवा इतकी स्वच्छ की माझाच श्वास मोठा वाटत होता.

अक्कांनी एका लहानग्याच्या तोंडावर हात ठेवला. मी अप्पांचं हाकेचं नाव वाजवलं. मग माझं. थांबले. काहीच नाही. पुन्हा वाजवलं. ज्वारीत वारा फिरला आणि पानं खसखसली. दादानं संच वर नेला असेल का? नेला असेल तर? तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा माझाच ठेका चुकला, एक अक्षर अर्धंच राहिलं.

आणि एक टिक आली.

मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, वेडीवाकडी, जणू कुणी पहिल्यांदाच की हातात घेतलीय. मला वाटलं कुणीतरी नवशिका मध्ये आला. अक्षरं तुटत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. मी कानावर हात दाबून धरले. ब. मग अ. मग इ. आणि माझ्या नावाची शेवटची टिक संपता संपता रेंगाळली.

"काय झालं?" अक्का विचारत होत्या. "कोन हाय? जपान का?"

मी नुसतं चाकूरकडं बोट दाखवलं. त्या मटकन ज्वारीत बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

तिकडून पुन्हा टिकटिक सुरू झाली. रोमन अक्षरांतलं आमचं घरगुती मराठी, एकेक अक्षर डोंगर चढून आल्यासारखं. सगळ्या जन्माची अशी शिस्त होती त्या माणसाला, की त्यांनी आधी माझी हाक कशी येतेय त्याचा अहवाल दिला. खोटा मोठेपणा नाही, जेवढी होती तेवढीच सांगितली, मध्यम. मग थोडं थांबून त्यांनी वाजवलं, "हात जड झाला. समजतंय का?"

कितीतरी दिवसांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी कुणाला कळला नसता. मी सावकाश, एकही अक्षर न चुकवता वाजवलं, "सगळं समजतंय अप्पा."

ज्वारीवरून पाखरांचा एक थवा उठला आणि तारेवर येऊन बसला. कुणीच तो हुसकावला नाही. मग डाव्या हाताचा तो नवा, अडखळता ठेका पुन्हा आला, आधीपेक्षा जरा घाईनं.

"मग ऐक."